माझ्या खात्यावर नवऱ्याचा अंगठा

मला माझ्या बँकेनं फसवलं. चोरानं नाही, दलालानं नाही, नवऱ्यानंही नाही. ज्या बँकेत माझ्या नावाचं आणि माझ्या कमाईचं खातं आहे, तिनं मला भर बाजारात खोटं पाडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत ज्याला ज्याला सांगितली तो शेवटी माझ्या नवऱ्याकडे बघून हसतो, आणि मुद्दा राहून जातो.

मी शेळ्यांचा व्यापार करते. आम्ही कनेरगाव नाक्याजवळ राहतो. नवरा शिवणकाम करतो, घरातच मशीन आहे. आमच्याकडे जमीन कधीच नव्हती. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाता जाता एका मालकाची लंगडी शेळी मी मजुरीच्या बदल्यात मागून घेतली आणि तिच्यापासून सगळं उभं केलं. आता जिल्ह्यातले बाजार मला पाठ आहेत. जनावराच्या पाठीवरून हात फिरवला की त्याला वर्षभर काय खायला मिळालं ते मला कळतं, आणि मालक थापा मारत असेल तर तेही.

बाजारात पुरुषमाणसं रुमालाखाली हात घालून भाव करतात. बोटं धरायची, दाबायची, तोंडातून अक्षर काढायचं नाही. मी बाजारात उतरले तेव्हा रुमालाखाली हात द्यायला कोणी तयार होईना. बाईमाणसाची बोटं धरायची कशी, हा त्यांचा प्रश्न. मग मी म्हणाले, राहू द्या तुमचा रुमाल, मी उघड बोलते. तेव्हापासून माझा सौदा चारचौघांत आणि मोठ्या आवाजात होतो. आधी लोक गंमत म्हणून ऐकायला जमायचे. नंतर त्यांना कळलं की ही बाई एकदा आकडा बोलली की मागं सरत नाही. माझ्याकडे कोणी विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, मागत नसे. मी नुसतं ‘घेतला’ म्हटलं की मालक दावं माझ्या हातात द्यायचा. एवढ्या वर्षांची माझी कमाई म्हणाल तर ती ही.

त्या दिवशी जवळा बाजार गावच्या बाजारात हट्ट्याकडचा एक म्हातारा मेंढपाळ बोकड घेऊन आला होता. काळाभोर, लांब कानांचा, उभं राहण्यात ऐट. असा बोकड मी कधीपासून शोधत होते. माझ्या शेळ्यांना तसाच हवा होता. अर्थात तोंडावर तसं दिसू दिलं नाही.

“मामा, हा बोकड हाय का घरजावई? खाऊन खाऊन पोट सुटलंय.”

“पोट न्हाई बाई, छाती हाय ती.”

“छाती इतक्या खाली कवापासून यायला लागली?”

लोक हसले. मामाही हसला, पण आकडा काही सोडेना. मी निघून गेले, परत आले, दात पाहिले, नाक मुरडलं, पुन्हा निघून गेले. शेजारी एक व्यापारी उभा होता. माझ्यासारखाच शेळ्यांतला, पण फार न बोलणारा. तो नुसता ऐकत होता. शेवटी मामानं हात जोडले.

“घ्या बाई, घेऊन जा. तुमच्यासंगं बोलून घसा बसला माझा.”

मी ‘घेतला’ म्हणाले. दावं हातात आलं.

नोटा मात्र सकाळीच दोन पाठींमध्ये, म्हणजे न व्यायलेल्या तरण्या शेळ्यांमध्ये, गेल्या होत्या. मी म्हटलं, फोनवर टाकते. मामाला उलट बरंच वाटलं. मागच्या बाजाराला एसटीत त्याचा खिसा कापला होता. सुनेचा नंबर त्यानं तोंडपाठ सांगितला. मी एका हातात दावं धरलं, दुसऱ्या हातात फोन, आणि तर्जनीनं एकेक आकडा दाबत गेले. पिन टाकला. पिन माझा, मीच ठेवलेला.

फोनवर लाल पट्टी आली. वापरण्याची पद्धत नेहमीपेक्षा वेगळी वाटते, सुरक्षेसाठी व्यवहार थांबवला आहे.

मी पुन्हा दाबलं. बोकडानं हिसका दिला, फोन हलला, पुन्हा लाल पट्टी. माझं डोकं तापलं, बोट जास्तच जोरात पडायला लागलं.

“काच फोडता का वहिनी?” तो गप्प व्यापारी आता बोलला. “भाऊला लावा फोन. त्येच करत असतील न्हवं समदं.”

“तुमी तुमचं बघा.”

पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा अॅप एक दिवसासाठी बंदच झालं. मी नवऱ्याला फोन लावला. मागं मशीनचा आवाज चालू होता.

“आता मी काय करू? तिथवर येऊस्तोवर अंधार पडंल,” तो म्हणाला. “अगं, हळूच दाबायचं असतंय. तू काय शेळीचा गळा धरल्यावानी धरतीस.”

मी फोन ठेवला. मामाच्या गावाकडचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला होता. मी म्हणाले, मामा, उद्या टाकते, माझ्या शब्दावर सोडा. त्यानं दावं माझ्या हातातून काढून घेतलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

“बाई, तुमी खोट्या न्हाई,” तो म्हणाला, “पर फोन काहून न्हाई म्हणून राहिला? खात्यात काई हाय का न्हाई?”

हे त्यानं चारचौघांत विचारलं, आणि आमच्या बाजारात कुणीच हळू बोलत नाही. मी उत्तर देईपर्यंत त्या व्यापाऱ्यानं खिशातून नोटा काढल्या आणि मी ठरवलेल्याच भावात बोकड घेतला. घसा माझा, नाक मुरडणं माझं, जाणं-येणं माझं, आणि बोकड त्याचा. जाता जाता मला म्हणाला, “पुढच्या बाजाराला भाऊला घेऊनच या, वहिनी.”

दुसऱ्या दिवशी अॅप उघडायची वेळ झाली तेव्हा नवऱ्यानं माझ्या हातातून फोन घेतला. त्याच्या मांडीवर ब्लाउजचं कापड तसंच होतं. अंगठा दोनदा फिरवला, पिन टाकला, चाऱ्याच्या दुकानाचे पैसे गेले.

“बघ. उघडलं की.”

मी फोन हिसकावून घेतला आणि त्याच दुकानाचे उरलेले पैसे टाकायला गेले. लाल पट्टी.

“त्याला माझी वळख पटली हाय,” तो म्हणाला आणि हसला.

“धंदा कोणाचा?”

“तुझा.”

“मग तुमची वळख कशाला पटली?”

त्यानं ब्लाउजचं कापड पुन्हा मशीनखाली सरकवलं. संध्याकाळी माझे हात शेळ्यांच्या कोंड्यात असायचे, मी तोंडानं सांगायची, तो दाबायचा. दोन वर्षं आमच्या घरात असंच चाललं होतं. ज्या घरात अॅप चालणारा फोन एकच आणि कामं भरपूर, तिथं सगळीकडे असंच चालतं. बाजारात मी सगळा व्यवहार नोटांत करत आले, त्यामुळे मला या गोष्टीचा पत्ताच नव्हता.

मी तडक हिंगोलीला बँकेत गेले. तिथले साहेब नवे होते, आवाज मऊ. त्यांनी समजावलं. हे अॅप म्हणे वापरणाऱ्याचा हात शिकतं. बोट किती जोरात पडतं, अंगठा कुठून कुठं फिरतो, दोन आकड्यांमध्ये किती वेळ जातो, फोन किती कलता धरला जातो. चोराला पिन कळला तरी त्याला तुमचा हात कुठून मिळणार?

“चांगलं हाय,” मी म्हणाले, आणि खरंच चांगलं आहे. मामाचा खिसा कापणाऱ्याला फोन सापडला तर त्याचा हात अडलाच पाहिजे. “पर खात्यावर नाव कोणाचं?”

“तुमचं.”

“आधारवर फोटो?”

“तुमचाच.”

“पिन?”

“बरोबर होता.”

“मग माझा हात काहून चोराचा झाला?”

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. “ताई, तुमचा हात अॅपनं कधी पाहिलाच नाही. त्याच्या लेखी हे खातं तुमच्या मिस्टरांच्या हाताचं आहे. आणि खरं सांगू का, फोन दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाही असा नियमच आहे.”

हे ऐकून माझं टाळकं सरकलं, कारण हे अॅप घातलं गेलं तो दिवस मला लख्ख आठवला. याच शाखेत, याच काउंटरपाशी. तेव्हाचे साहेब वेगळे होते. मी पासबुक घेऊन पुढं उभी, नवरा मागं बाकड्यावर बसलेला. साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला, डोकं वर केलं आणि बाकड्याकडे हात केला. “दादा, तुम्ही या इकडं. ताईंना नाही जमायचं.” नवरा उठून आला. मी म्हणाले, साहेब, खातं माझं आहे. “हो ना ताई, सही तुमचीच लागणार,” असं म्हणून त्यांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही करत होते तेव्हा ते नवऱ्याला शिकवत होते, इथं अंगठा फिरवा, इथं दाबा, रोज असंच वापरा म्हणजे अॅप तुम्हाला ओळखेल. ‘तुम्हाला’ म्हणताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मी हे सगळं नव्या साहेबांना ऐकवलं. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. साहेब म्हणाले, ताई, हळू. जुनी ओळख पुसून देतो, आता तुम्हीच वापरत राहा, थोड्या दिवसांत ते तुमचा हात शिकेल. तोवर मोठी रक्कम जाणार नाही.

“अन् बाजारात माझी जबान गेली, त्याचं?”

“त्याची तक्रार अॅपमध्ये टाकता येते.”

“अॅप उघडत न्हाई हीच तक्रार हाय, साहेब.”

मी लेखी मागितलं. चूक बँकेची, एवढी एक ओळ, शिक्का मारून. तसं देता येत नाही म्हणाले. आधीच्या साहेबांचं विचारलं, तर त्यांची बदली झाली. कुठं, तेही सांगता येत नाही म्हणाले.

आता अॅप माझा हात शिकतंय. मी रोज शेळ्यांजवळ बसून तर्जनीनं दाबते, माझ्याच जोरानं. नवऱ्याला फोनला हात लावू देत नाही. लाल पट्टी येत नाही हल्ली. पण पुढच्या बाजाराला मी त्याच मामाकडच्या एका पाठीचा भाव ठरवला, ‘घेतली’ म्हणाले, आणि दाव्यासाठी हात पुढं केला, तर त्यानं दावं आपल्या मनगटाला गुंडाळून घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, “आधी विसार ठिवा, बाई. राग धरू नगा.” त्याच्या पलीकडच्या दोघांनीही तेच केलं. मी नोटा मोजून दिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मला बँकेकडून भरपाई नको. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ असा मेसेज आला होता, तो मी पुसून टाकला. ज्या साहेबांनी माझ्या समोर माझा फोन दुसऱ्याच्या हातात दिला, त्यांनी बाजाराच्या दिवशी जवळा बाजारात यावं. ते येत नसतील तर त्यांच्या वरच्यांनी यावं. लेंड्या तुडवत त्या मामापर्यंत चालत जावं, आणि मी सौदा करते तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगावं की या बाईच्या खात्यात पैसे होते, ही खोटी नव्हती, हिचा हात आम्हीच अॅपला कधी दाखवला नाही. बँकवाल्यांनो, तुमच्यापैकी कोण येणार, ते मला सांगा.