इकाम्यावरचा राखणदार

मुंबई विमानतळाच्या दाराशी सुजाता मुक्ताला कडेवर घेऊन उभी होती. मुक्ता तीन वर्षांची. तिला माझ्याबरोबर आत यायचं होतं आणि दारावरचा जवान तिला घाबरवायचं नाही म्हणून दुसरीकडे बघत होता. "सहा महिन्यांत दोघींना नेतो," हे मी घरी इतक्यांदा सांगितलं होतं की सुजाताने ते पुन्हा विचारलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, वेंगुर्ल्याहून मुद्दाम आले होते. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "जेवणाची हयगय करू नको हां."

आत गेल्यावर काउंटरवरच्या अधिकाऱ्याने संगणकात काहीतरी वाचलं, मग माझ्या ट्रॉलीवरची लांबलचक पिशवी पाहिली. आत काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, हॉकी स्टिक्स. तो शेजारच्याला म्हणाला, "बघ रे, वॉचमनच्या नोकरीला चाललेत आणि काठ्या घरच्याच नेतायत!" दोघं हसले. मीही हसलो. मला वाटलं, गंमत करतोय.

गंमत नव्हती हे रियाधला पोचल्यावर कळलं. पण त्याआधी माझा धंदा सांगायला हवा, कारण तो कुणालाच एका वाक्यात पटत नाही. मी बर्फावरच्या हॉकीतला बचावपटू. पुण्यात सिमेंटच्या रिंकवर, चाकांच्या बुटांवर सुरुवात केली. खरा बर्फ पायाखाली आला तो पुढे लडाखमध्ये, गोठलेल्या तळ्यावर. तिथे पहिल्या दिवशी मी इतक्यांदा आपटलो की सोबतच्या पोरांनी मोजायचं सोडून दिलं. मग राज्याकडून खेळलो, उरलेलं वर्ष एका शाळेत स्केटिंग शिकवलं. रियाधच्या एका क्लबने पगार देऊन खेळायला आणि शिकवायला बोलावलं तेव्हा मी प्रोफेशनल झालो. प्रोफेशनल म्हणजे पैसे घेऊन खेळणारा, एवढाच अर्थ घ्या. आमचा रिंक एका मॉलमध्ये आहे, बर्गरच्या दुकानाला लागून.

बचावपटूचं काम असं की समोरून गडी अंगावर येतो आणि आपण त्याच्याकडे तोंड करून उलटं घसरत जायचं. त्याला मधल्या वाटेने येऊ द्यायचं नाही, कडेला रेटायचं आणि तरीही त्याने ती रबरी चकती गोलकडे मारलीच तर मध्ये नडगी घालायची. गोल दुसरे मारतात, फोटो त्यांचे येतात. अण्णांना हे मी समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे राखणदार." आमच्या भागात गावाच्या वेशीवर राखणदार असतो, त्याला वर्षाला नारळ देतात. अण्णांच्या लेखी यापेक्षा मोठं पद नाही. ते अख्ख्या गावात सांगत सुटले, "माझो झील सौदीत राखणदार आसा!" पहिल्या सुट्टीत गेलो तर तीन माणसं आपापल्या पोरांना माझ्या बिल्डिंगीत वॉचमन म्हणून लावता काय, हे विचारायला आली.

घोटाळा त्याच शब्दाने केला. व्हिसाचे कागद करताना क्लबच्या ऑफिसातून सलीमभाईंचा फोन आला होता. ते हैदराबादचे, क्लबची सरकारी कामं तेच बघतात. त्यांनी हिंदीत विचारलं, "खेल में आपका काम क्या है, भाई?" मी आपल्या मराठी हिंदीत सांगितलं, "मैं गोल राखता हूँ. रखवाली समझो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. क्लब ज्या करमणूक कंपनीच्या पोटात आहे तिच्याकडे झाडूवाले, कॅशियर आणि पहारेकरी एवढ्यांचेच व्हिसे शिल्लक होते. माझ्या "रखवाली"ने सलीमभाईंची अडचणच सुटली. त्यांनी लिहिलं, हारिस. पहारेकरी. राहण्याच्या परवान्यावर, ज्याला इथे सगळे इकामा म्हणतात, तेच उतरलं.

आणि पहारेकऱ्याला इथे कुटुंब आणता येत नाही. बायकापोरांचा व्हिसा कुणाला मिळतो, ते इकाम्यावरच्या हुद्द्यावर ठरतं. इंजिनिअरला मिळतो, बँकवाल्याला मिळतो. हारिसला नाही. मी कितीही चांगला पगार घेतला, सौदी पोरांच्या दोन तुकड्या बर्फावर उभ्या केल्या, तरी कागदावर मी दाराशी खुर्ची टाकून बसलेला माणूस होतो.

आमचा कफील, म्हणजे क्लबचा मालक, तरुण आणि प्रेमळ. दर वेळी खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "यल्ला कॅप्टन, बुकरा खलास!" उद्या काम फत्ते. त्याच्या मनात कपट नव्हतं. नुसता तो उद्या यायचा नाही, इतकंच. कधी कंपनीचा कोटा नसे, कधी माझ्या प्रमाणपत्रावर शिक्का कमी पडे, कधी नियमच बदलत. सात वर्षं गेली.

या वर्षांत मी कुणाचा हेच कळेनासं झालं. रियाधमधली मराठी मंडळी गणपतीला अगत्याने बोलावतात. आयटीतली, बँकेतली, सगळी कुटुंबकबिल्यासह. त्यांची मुलं आईबापांना इंग्रजीत उत्तरं देतात आणि आयांना त्याचा राग येतो. मला त्या रागाचा हेवा वाटायचा. "वहिनी कधी येणार?" असं कुणी विचारलं की मी मोदकाकडे वळायचो. त्यापेक्षा समुद्रकाठच्या जुबैलला गेलं की बरं वाटे. तिथे आमच्या वेंगुर्ल्याचा बाबल वेल्डर आहे, कंपनीच्या कॅम्पात राहतो. त्याच्या खोलीत सहा पलंग आणि एक शेगडी. सुट्टीच्या दिवशी तो बांगड्याचं तिखलं करतो. एकदा ताटात भात वाढताना म्हणाला, "तू हिरो, मी वेल्डर. पण बायल दोघांचीय गावाक." त्या जेवणानंतर मी बसमध्ये रडलो. का लपवू?

सुजाता मात्र रडत बसली नाही. शाळेतली नोकरी सांभाळून तिने पुण्यात भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात बिऱ्हाड हलवलं. मी ते घर सुट्टीत पाहिलं, तयार झालेलं. गॅसची शेगडी कुठल्या बाजूने पेटते हे मला विचारावं लागलं. मुक्ता सायकल शिकली, चष्मा लागला, तिला कारलं आवडायला लागलं. हे सगळं मला फोनवर कळत गेलं. ती मला विचारायची, "बाबा, तुम्ही कधी गोल का नाही मारत?" मी सांगायचो, माझं काम वेगळं आहे. तिला ते फारसं पटलेलं नाही.

मीही थकलो. उजवा गुडघा बर्फावर उतरायच्या आधी अर्धा तास मनधरणी करून घेतो. बाहेर फुफाटा आणि आत हाडं गोठवणारी थंडी, या दोन्हींमध्ये ये-जा करून अंग वैतागलंय. उलटं घसरताना पूर्वी मागचं न बघता कळायचं. आता मान वळवून बघावं लागतं, आणि बचावपटूने मान वळवली की समोरचा गेलाच म्हणून समजा. परवा माझ्याच शिष्याने मला असं चुकवलं आणि वर "सॉरी कोच" म्हणाला. ते सॉरी मला गोलापेक्षा जास्त लागलं.

आणि याच उन्हाळ्यात काम झालं. सलीमभाई पेढ्यांऐवजी खजूर घेऊन धावत आले. नवीन इकामा, हुद्दा मुदर्रिब, म्हणजे प्रशिक्षक. कुटुंबाचा व्हिसा मिळणार होता. बैल गेला आणि झोपा केला, असं पुटपुटलो खरा, पण इकाम्यावरचा तो शब्द तीनदा वाचून पाहिला. कफीलने आणखी दोन वर्षांचा करार पुढे केला, नुसतं शिकवायचं, खेळायचं नाही. मी त्या दुपारी घरी फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. भारतीय शाळा आहे, बस दारात येते, दोन खोल्यांचं घर बघून ठेवतो, मॉलमध्ये बर्फ आहे, मी शिकवीन.

मुक्ताने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, पण मग आमच्या घराचं काय?"

मागून सुजाताचा आवाज आला, हलका, "आपल्या म्हणावं, मुक्ता. आपल्या घराचं." मुक्ता पटकन म्हणाली, "हो, तेच. आपल्या."

बाहेर गेलेल्या मराठी माणसांनो, तुम्हाला यापुढचं सांगायला नको. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, हिंदीतही चालून जातं. आपल्याकडे नाही चालत. "आमच्या" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. पोरीने मुद्दाम म्हटलं नव्हतं, म्हणून तर ते खरं होतं. सात वर्षं मी त्यांना इकडे आणायला झटत होतो आणि तेवढ्यात त्या दोघींनी तिकडे घर उभं केलं होतं. त्याचा मला अभिमान वाटतो आणि वाईटही वाटतं. ते मोडून त्यांना इथल्या दोन खोल्यांत आणायचं, तेही अशा माणसाकडे ज्याला त्या सुट्टीतला पाहुणा म्हणून ओळखतात, हे मला जमेना.

मी करार सही न करता परत केला. सलीमभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "अब तो काम बना है, भाई! अब फायनल एग्झिट?" म्हणजे सौदी कायमचं सोडायचा शिक्का. कफीलने मला मिठी मारली. बाबलला कळवलं तर तो म्हणाला, "बरा केलंस." आणि जायच्या आधी तिखलं खायला बोलावलं.

मग घरी फोन केला. मुक्तानेच उचलला. येतोय म्हटलं तर तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "किती दिवस?"

मी म्हटलं, "आता राहायलाच."

मला भीती वाटली, शूटर अंगावर येताना वाटते त्याहून जास्त. मग ती म्हणाली, "म्हणजे माझं हॉलमधलं कपाट रिकामं करावं लागेल." आवाजात थोडी कुरकुर होती.

तुम्ही अजून बाहेरच असलेले विचारता, आता घर म्हणजे काय वाटतं. मला सध्या एवढंच कळतं, की पुण्यात एक दहा वर्षांची मुलगी माझ्यासाठी कुरकुरत कपाट रिकामं करते आहे. पाहुण्यासाठी कुणी कपाट रिकामं करत नाही.