आमचं गाव, ११०८ किलोमीटर

किलोमीटर माझ्या आयुष्यात वरून आला. हे मी अलंकारिक बोलत नाही. टपालाची पिशवी हँडलला अडकवून मी सायकलवरून लॉजच्या पाटीखालून चाललो होतो. आधी एक शिडी आली, मग चार लिटर हिरवा रंग आला, मग दोन ब्रश आले आणि सगळं येऊन गेल्यावर, पाहुण्यांच्या मागून यजमानाने यावं तसा तो स्वतः आला. पृथ्वी हादरली. चौकातली कुत्री तीन दिवस त्या बाजूला फिरकली नाहीत. माझ्या टकलापासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत रंग न लागलेली सुईएवढी जागा उरली नाही. सतरा पत्रं हिरवी झाली. त्यात एक लग्नपत्रिका होती, ती मिळालेले लोक पुढे वर्षभर सांगत होते, की मुलाकडचे फार हौशी दिसतात. माझ्या छातीवर बसलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या पोराने मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "काका, पुसू नका, डाग पडतात. वाळू द्या."

तेव्हा त्याला किलोमीटर म्हणत नसत. लॉजची पाटी रंगवणारा, एवढीच त्याची ओळख. पण अक्षर असं, की त्याने 'येथे थुंकू नये' लिहिलं तर लोक थांबून वाचत आणि थुंकायचं विसरून जात.

पुढे तेविसाव्या वर्षी तो रस्ते खात्यात लागला. लागला म्हणजे रोजंदारीवर. हमरस्त्यांवर हिरवे फलक असतात ना, अमुक शहर इतके किलोमीटर, तमुक शहर तितके, ते रंगवायचं काम. एक ट्रक, एक मुकादम, चार माणसं, शिड्या आणि रंगाचे डबे. महिनोन् महिने बाहेर. फलकावर कोणती गावं घालायची याची खात्याची छापील यादी असे. त्या यादीत आमचं गाव नव्हतं, आणि नसणारच.

आमच्या गावाबद्दल थोडं सांगायला हवं. थोडंच सांगता येतं. एक चौक, एक पाण्याची टाकी, एक टपाल कचेरी (म्हणजे मी) आणि एक लॉज, ज्याच्या सहा खोल्यांपैकी चारांत सिमेंटच्या गोण्या राहतात. गावची पोरं शिकायला बाहेर गेली की हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी त्यांना कोणीतरी गाव विचारतं. पोरगं नाव सांगतं. समोरचा म्हणतो, "कुठे आलं हे?" मग पोरगं म्हणतं, अमक्याच्या जवळ. तेही माहीत नसलं तर तमक्याच्या जवळ. असं जवळ-जवळ करत ते शेवटी साडेतीनशे किलोमीटर लांबच्या शहराच्या जवळ जाऊन बसतं. माझा पुतण्या तर पहिलं वर्षभर गाव विचारलं की सरळ खोकायचा.

किलोमीटरचंही तेच झालं. पहिल्याच दौऱ्यात एका ढाब्यावर मुकादमाने त्याला गाव विचारलं. त्याने सांगितलं. मुकादम रस्त्यांच्या खात्यात सव्वीस वर्षं मुरलेला माणूस. तो भाकरीचा घास मोडत म्हणाला, "असलं काही गाव नाही. असतं तर मला माहीत असतं."

दुपारी जेवून मुकादम ट्रकच्या सावलीत आडवा झाला. शिडीवर किलोमीटर एकटा. फलकावर यादीतली तीन शहरं लिहून झाली होती आणि खाली एका ओळीची जागा कोरी होती. त्याने खडूची दोरी धरली, ओळ आखली आणि पांढऱ्या रंगात, बाकीच्यांच्याच मापात, आमच्या गावाचं नाव लिहिलं. पुढे आकडा: ३४७.

तो आकडा त्याने हवेतून काढला नव्हता. निघाल्यापासून तो ट्रकच्या मीटरवर नजर ठेवून प्रत्येक वळण वहीत टिपत होता. का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. काही माणसं परगावी गेली की आठवण काढतात, हा अंतर काढायचा.

मुकादम उठला, फलकाकडे बघून म्हणाला, छान झालाय, आणि ट्रकमध्ये बसला. तो गेली सव्वीस वर्षं फलक सरळ लागलाय की तिरका एवढंच तपासत आला होता.

पुढच्या सहा वर्षांत असे एक्केचाळीस फलक झाले. सगळ्यात लांबचा अकराशे आठ किलोमीटरवर. त्यावर फक्त तीन नावं: राजधानी, बंदर आणि आम्ही.

गावाला हे कळलं माझ्यामुळे. तो दौऱ्यावरून आईला कार्ड टाकायचा. आईला वाचता येत नसे, म्हणून कार्ड द्यायचं आणि वाचायचं अशी दोन्ही कामं माझ्याकडे. वाचायला मात्र काही नसे. "आई, आज ६१२." बस्स. ना खुशाली, ना हवापाणी. मी वाचून दाखवलं की म्हातारी विचारायची, "मागच्यापेक्षा वाढलं की कमी झालं?" वाढलं म्हटलं की आत जाई, कमी झालं म्हटलं की मला चहा मिळे. त्याचं नाव किलोमीटर पडलं ते तिथून, आणि ते मीच पाडलं. एकदा सुट्टीवर आला तेव्हा मी विचारलं, की हे आकडे कसले रे? त्याने मला वही दाखवली.

मी ती गोष्ट कोणालाही सांगणार नाही असं वचन दिलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत ती सगळ्या गावाला माहीत झाली.

मग गावाची मान जी ताठ झाली, ती लॉजमालकाने सहाव्या खोलीला आरसा बसवेपर्यंत ताठ होत गेली. ट्रकवाले थांबू लागले. एकदा मोटरसायकलवरून एक तरुण जोडपं आलं. सहाशे किलोमीटर त्यांनी आमच्या गावाचा आकडा कमी कमी होताना पाहिला होता, त्यामुळे शेवटी शून्यावर काहीतरी असणारच अशी त्यांची समजूत. चौकात उभं राहून त्यांनी विचारलं, "ते कुठे आहे?" कोणालाच कळेना ते म्हणजे काय. लॉजमालकाने प्रसंगावधान राखून पाण्याची टाकी दाखवली. त्यांनी टाकीसोबत अकरा फोटो काढले. दुसऱ्या आठवड्यात गावाने टाकीला रंग दिला. माझा पुतण्या हॉस्टेलवर खोकायचा थांबला. कोणी गाव विचारलं की तो म्हणे, "रस्त्यावर बोर्ड नाही का बघितलात?"

इकडे किलोमीटर एकोणतिसाचा झाला. सहा वर्षं रोजंदारी झालेल्यांना खातं कायम करतं, पण तिशीच्या आत. त्याची तिशी एक जानेवारीला भरत होती. यादीत नाव पहिलं होतं, फक्त नव्या मोठ्या साहेबांची सही राहिली होती. ती झाली नाही, की जन्मभर रोजंदारी. ऊन लागून एक आठवडा पडून राहिला तर त्या आठवड्याची चूल बंद. म्हातारी रोज मला विचारायची, साहेब आला का.

साहेब ऑगस्टअखेरीस आला, आणि थेट आमच्या गावात आला.

बदलीच्या ठिकाणी बायकोसह गाडीने निघालेला तो माणूस. फलकांवर एका गावाचं नाव पुन्हा पुन्हा दिसतंय, तर तिथे निदान बऱ्यापैकी हॉटेल असेल, अशा हिशोबाने त्याने मुक्काम आमच्याकडे ठरवला. त्यासाठी समुद्राकडचा रस्ता सोडला. सहाव्या खोलीत, आरशासमोर, गोण्यांच्या शेजारी त्या दोघांनी मुक्काम केला आणि ढेकणांनी त्यांचा.

सकाळी साहेब लॉजच्या पायरीवर हात खाजवत उभा होता. मी त्याची तार द्यायला गेलो होतो, म्हणून हे सगळं समोर पाहिलं. साहेबाने लॉजमालकाला विचारलं, की या गावाचं नाव हमरस्त्याच्या फलकांवर कोणी घातलं. लॉजमालक म्हणाला, गाव पूर्वी फार मोठं होतं. साहेबाने विचारलं, कधी? लॉजमालक म्हणाला, "माझ्या आधी."

त्या वेळी त्या दोघांच्या डोक्यावर, शिडीवर, सुट्टीवर आलेला किलोमीटर लॉजची पाटी फुकट रंगवत होता. गप्प राहिला असता तर साहेब गाडीत बसून निघून गेला असता. मी खालून त्याला डोळ्यांनी खुणावलं, मानेने खुणावलं, शेवटी तारेचा लिफाफा हलवला. तो खाली आला. या वेळी पायऱ्यांवरून आला.

"फलक मी रंगवलेत, साहेब."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. जागा शिल्लक होती." मग त्यानेच विचारलं, "आकडा चुकलाय का कुठे?"

साहेब इंजिनिअर होता. त्याने येताना गाडीचं मीटर पाहिलं होतं. तो नाराजीने म्हणाला, "तुमचा नाही चुकलेला. खात्याचेच दोन चुकलेत."

बाईंनी इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. "इथे बघण्यासारखं आहे तरी काय?"

लॉजमालकाने टाकीकडे हात करायला घेतला होता. किलोमीटरने आधीच उत्तर दिलं. "काही नाही, बाई."

"मग नाव कशाला लिहिलंस?"

"राहतो ना आम्ही इथे."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. साहेबाने बराच वेळ हात खाजवला.

तो वाईट माणूस नव्हता. चौकशी लावली असती तर एक्केचाळीस फलक सहा वर्षं कोणीच का तपासले नाहीत हेही निघालं असतं, आणि खात्याचे चुकलेले आकडेही. म्हणून त्याने सोपा मार्ग काढला. वर्षअखेरीच्या आत एक्केचाळीसही फलकांवरून हे नाव पुसायचं, लिहिलंय त्यानेच पुसायचं. शेवटचा फलक पुसल्याचा दाखला आला की त्याच दिवशी कायमच्या हुकुमावर सही. नाही पुसलं, तर नवा रंगारी पुसेल आणि हा उद्यापासून घरी.

त्या दिवशी लॉजच्या अंगणात गाव जमलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, पुसायचं नाही. गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, एकदा मान खाली गेली की वर येत नाही, नोकऱ्या काय छप्पन्न मिळतात. बोलणारे सगळे एकतर पेन्शनवर होते किंवा बापाच्या जिवावर. दुसऱ्याच्या पोटावर स्वाभिमान बाळगणं किती सुखाचं असतं ते मला त्या दिवशी कळलं, कारण सगळ्यात मोठ्याने मीच बोललो. पुतण्याचं हॉस्टेल माझ्या डोळ्यांपुढे होतं.

किलोमीटर ऐकत होता. शेवटी त्याने आईकडे बघितलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिने एवढंच विचारलं, "पुसायला जाशील तेव्हा कार्ड टाकशील ना?"

"टाकीन."

"मग जा. हुकूम घेऊन ये."

तो हिरव्या रंगाचे डबे घेऊन निघाला. सुरुवात त्याने सगळ्यात लांबून केली. पहिलं कार्ड आलं, "आई, ११०८." मग ९४०. मग ७७५. चार दिशांचे फलक होते, म्हणून मधेच आकडा पुन्हा चढायचा आणि म्हातारी आत जायची, पण एकंदरीत त्या पावसाळ्यानंतर मला जेवढा चहा मिळाला तेवढा बत्तीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता. डिसेंबरच्या तेविसाला तो स्वतःच टपाल कचेरीत आला. हातात कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, "आई, १२." तो म्हणाला, "काका, मी कार्डाच्या आधीच पोचलो." मी रीतीप्रमाणे त्यावर शिक्का मारला, आणि आम्ही दोघे ते द्यायला गेलो. मी वाचून दाखवलं. म्हातारीने लेकाकडे न बघता मला विचारलं, "वाढलं की कमी झालं?"

हुकूम अठ्ठावीस डिसेंबरला आला. तीन दिवस राखून.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. किलोमीटरला खात्याचं क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आणि नळ. म्हातारीला तो घेऊन गेला. आता फलक यंत्रावर छापून येतात, त्यामुळे तो टेबलावर बसून त्यांच्या पावत्या तपासतो. क्वार्टर इथून त्रेचाळीस किलोमीटरवर आहे. तीन वर्षांत त्याला यायला जमलेलं नाही. ऑफिसात कोणी गाव विचारलं तर तो अमक्याच्या जवळ म्हणतो, असं पुतण्याने ऐकलं. पुतण्या स्वतः हल्ली पुन्हा खोकतो.

गावाचा मात्र ठाम विश्वास होता, की पठ्ठ्याने एक फलक नक्की सोडला असणार. एक्केचाळीसपैकी एक. लॉजमालक तर शपथेवर सांगायचा, की सगळ्यात लांबचा. अकराशे आठवर कोण बघायला जातंय?

गेल्या महिन्यात मी गेलो. रिटायर झालो होतो, भाचीकडे बंदराच्या शहरात जायचं होतं, वाटेत तो फलक लागतो. छापील फलक अजून तिकडे पोचलेले नाहीत. ड्रायव्हरला विनंती करून गाडी थांबवली. प्रवासी शिव्या देत होते. उतरून फलकाच्या अगदी खाली जाऊन उभा राहिलो. राजधानी होती. बंदर होतं. तिसऱ्या ओळीच्या जागी हिरवा रंग होता, दोन हात मारलेला, कुठेही डाग नव्हता.