मेलेल्यांचा मंगळवार

अट्रॅक्टा गिलमार्टिन बाईंना जिवंत माणसांत फारसा रस नव्हता. जिवंत माणूस उलट बोलतो. मेलेला बोलत नाही, आणि आयर्लंडात त्याला मरून पन्नास वर्षं झाली की त्याच्या मृत्यूची नोंद सरकार सगळ्यांना खुली करतं. जन्माची शंभर वर्षांनी. दर जानेवारीत आणखी एक वर्ष उघडतं. बाकीचा देश त्यात आपले पणजोबा शोधतो. आमच्या कारोबेगमध्ये लोक शेजाऱ्यांचे शोधतात.

बाईंनी जन्मभर गावच्या शाळेत शिकवलं. लग्न केलं नाही, कारण त्यांच्या तोलाचा पुरुष स्लायगो परगण्यात जन्मलाच नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनालयात कुटुंब-इतिहास मंडळ काढलं. दर मंगळवारी दहा-बारा म्हातारी माणसं भिंतीवरच्या पडद्यासमोर बसायची. चहा असायचा, हॅमची सँडविचं असायची, लोणी फासलेला मनुकांचा पाव असायचा. ग्रंथपाल ग्रॉनिया कॉम्प्युटर चालवायची आणि बाई नोंदी मोठ्यानं वाचायच्या. मंडळाचं नाव काहीही असो, गाव त्याला मेलेल्यांचा मंगळवार म्हणायचं.

"टॉम टॅन्सी, वय बेचाळीस, यकृत," बाई वाचायच्या आणि चष्म्यावरून टॉमची पुतणी उना हिच्याकडे पाहायच्या. 'यकृत' असं म्हणायच्या की खोलीला व्हिस्कीचा वास यावा. दुसऱ्याच्या घरातला क्षय, दुसऱ्याच्या घरातलं लग्नाआधीचं मूल, यांवर त्यांचा भारी जीव. "इतिहासाला लाज नसते," असं त्या वर सांगायच्या. इतिहासाला नसेलही.

गेल्या वर्षी मॅटी फीनीच्या आईच्या जन्माची नोंद उघडली. मॅटी मेंढ्या पाळणारा, बाईंच्याच वर्गात शिकलेला. त्याची आई सबीना जिल्ह्याच्या गरीबखान्यात जन्मली होती. हे गावाला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि पडद्यावर हातभर अक्षरांत दिसणं वेगळं. बाईंनी सबीनाच्या आईचं नाव वाचलं, मग म्हणाल्या, "बापाची जागा रिकामी." चहाचा घोट घेतला आणि पुन्हा म्हणाल्या, "रिकामी." मॅटीनं हातातलं सँडविच संपवलं, टोपी घातली आणि निघून गेला. त्याच्या जागी मी असतो तर कप फेकून मारला असता.

आता बाईंच्या घरचं. बाईंची आई कॉनबॉय घराण्यातली. तिची बहीण डीलिया तरुणपणी बॉस्टनला गेली आणि तिथेच सुखानं नांदली, असं कॉनबॉय मंडळी सांगत आली. खरं म्हणजे डीलिया बॉस्टनला नाही, तीस मैलांवरच्या वेड्यांच्या हॉस्पिटलात गेली. तिनं जमिनीत हिस्सा मागितला होता, आणि आवाज मोठा होता. तेवढ्यावर बापानं आणि डॉक्टरनं सह्या केल्या. आईनं मरताना हे बाईंच्या कानात सांगितलं होतं. डीलिया वारली ते साल, एकोणीसशे चौऱ्याहत्तर, या जानेवारीत उघडणार होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायची तारीख सरकारनं ठरवून टाकली होती.

नोव्हेंबरात बाईंना एकाएकी माणुसकीचा पुळका आला. "इतक्या अलीकडची नोंद मोठ्यानं वाचू नये असं मला वाटतं," त्या मंडळाला म्हणाल्या. "लोकांच्या भावना असतात."

"अगं बाई गं," उना टॅन्सी म्हणाली, "माझ्या काकाचं यकृत चव्हाट्यावर मांडलंस, तेव्हा कुठे चरायला गेल्या होत्या भावना?"

सगळे खो खो हसले. मॅटी हसला नाही. हात वर झाले, आणि वाचन चालू राहील असं ठरलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आमच्या गावावरूनच पडली असावी.

तरी बाईंचा हिशेब पक्का होता. मृत्यू दुसऱ्या तालुक्यात झालेला. गावाच्या यादीत तो येणार नाही, आणि बॉस्टनला गेलेल्या बाईला आयर्लंडात कोण शोधणार? जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी त्या इस्त्रीचा ब्लाउज घालून आल्या, गावातले सगळे मेलेले खणखणीत आवाजात वाचून काढले आणि चष्मा पुसायला घेतला.

"ग्रॉनिया," मागच्या खुर्चीवरून मॅटी म्हणाला, "डीलिया कॉनबॉय टाक बरं."

"ती बॉस्टनला वारली," बाई म्हणाल्या. जरा घाईनंच म्हणाल्या.

"मग सापडणार नाही. टाकायला काय जातं?"

ग्रॉनियानं बाईंकडे पाहिलं. शाळेत तिनं बाईंच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या. तिनं नाव टाकलं आणि नोंद पडद्यावर आली.

"वाच," मॅटी म्हणाला.

"अक्षर लागत नाही."

"माझ्या आईच्या वेळी लागलं होतं. त्यात तर काही लिहिलेलंही नव्हतं."

बाई उभ्या राहिल्या. नाव, अविवाहित, वय एकोणसाठ, ठिकाण, न्यूमोनिया. आवाज शाळेतलाच होता, फक्त त्यातला दरारा गेला होता. मग खबर देणाऱ्याचा रकाना आला. हॉस्पिटलातल्या मृत्यूला तिथे हॉस्पिटलच्याच एखाद्या साहेबाचं नाव असतं. बाईंनी अशा शेकडो नोंदी वाचल्या होत्या. इथे साहेब नव्हता.

"सबीना फीनी," त्यांनी वाचलं. "मृत्यूसमयी हजर."

"मीही होतो, पण बाहेर व्हॅनमध्ये," मॅटी म्हणाला. "आई लहानपणी तुझ्या आजोबांकडे कामाला होती ना. डीलियानं तिला पावाला लोणी दिलं होतं, इतर कोणी देत नव्हतं. तेवढ्यासाठी आई दर महिन्याला बसनं जायची. शेवटचं दुखणं आलं तेव्हा तुमच्या दारात निरोप द्यायला गेली. तुझ्या आईनं दार अर्धंच उघडलं. म्हणाली, 'आमची बहीण बॉस्टनला आहे.'"

उना टॅन्सी सँडविचकडे बघत बसली. इतकी वर्षं दुसऱ्यांची प्रेतं उकरायला जमणारी ती मंडळी, आता कोणाला कुठे बघावं ते कळेना. लाज वाटली म्हणावं, तर पुढच्या मंगळवारी सगळी परत आलीच.

बाई पडद्यापासून मागे वळल्या. "तिला पुरलं कुठे? तिथल्याच आवारात?"

"छे. आमच्या इथे. फादरना सांगून पहाटे आणली. आमच्याच थडग्यात आहे."

फीनींचं थडगं चर्चच्या फाटकाशीच आहे. दर रविवारी तिथून जाताना बाई स्कर्ट उचलून धरायच्या. फीनींचा चिखल लागू नये म्हणून.

"दगडावर तिचं नाव नाही," त्या म्हणाल्या.

"आईनं घालू दिलं नाही. कॉनबॉय मंडळींची अब्रू जाईल म्हणाली. नोंद सगळ्यांना खुली झाली की मग घाल, म्हणाली. या वसंतात घालतोय."

"मॅटी," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला शाळेनंतर कधी नावानं हाक मारली नव्हती. "मी पैसे देते. डीलिया कॉनबॉय घाल. पूर्ण घाल."

मॅटीनं टोपी घातली.

"आईनं सांगून ठेवलंय, डीलिया फीनी घालायचं. मृत्यूची नोंद करताना कारकुनानं विचारलं होतं ना तिला, 'तुम्ही हिच्या कोण?' आई म्हणाली, 'आता मीच हिची घरची.'"