हौदातले ठोकळे

संचिता कोकणातल्या नांदगावच्या स्टेशनवर उतरली ती एका पिशवीनिशी, आणि घरी येऊन माजघरात जी बसली ती बसलीच. रडली नाही, चिडली नाही. आईने, सावित्रीने, पुढ्यात ताट ठेवलं की जेवायची; ओले काजू दिले की सोलत बसायची. काजूच्या चिकाने बोटं भाजली तरी तिने हात मागे घेतला नाही. दुखत होतं हे तिला कळत होतं, पण ते शेजारच्या घरात कुणाचं तरी दुखावं तसं.

गावाच्या जिभेला हाड नसतं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पुण्यात भानगड झाली असणार. मुलगी शिकून परत आली की भानगड आणि न शिकता राहिली की ओझं. गावाच्या तराजूला तिसरं पारडंच नाही.

भानगड काहीच नव्हती, तेच तर सांगणं कठीण होतं. संचिता पुण्याच्या एका कॉलेजात एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वाळूऐवजी जांभ्या चिऱ्याचा चुरा घालून तिने काँक्रीटचे ठोकळे केले होते. ते हौदातल्या पाण्यात मुरले की मशीनमध्ये घालून फोडायचे आणि किती भार सोसतात ते पाहायचं, एवढंच तिचं काम. पण लॅबच्या सरांना वाटायचं, मुलीने रिपोर्ट लिहावा, पाहुण्यांना चहा द्यावा. फोडाफोडीला मुलगे आहेत.

त्या लॅबमध्ये बायकांसाठी बाथरूम नव्हती. होती ती पार मेन बिल्डिंगमध्ये. तिकडे जाऊन येईतो मशीनवरचा नंबर दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असायचा. पहिलं वर्ष निभावलं ते वर्गातल्या दीपिकामुळे. दीपिका मुलगा म्हणून जन्मली होती आणि बाई म्हणून जगायचं ठरवून तिथे आली होती. एक बाथरूमला गेली की दुसरीने मशीनपाशी ठाण मांडायचं, असा दोघींचा करार होता. हजेरी घेताना सर मुद्दाम दीपिकाचं जुनं नाव पुकारायचे. ती ओ द्यायची नाही, गैरहजेरी लागायची. मग एक दिवस ती खरोखरच गैरहजर राहिली, ती कायमची.

त्यानंतर संचिताने सोपा उपाय शोधला. पाणी पिणं सोडलं. ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली, औषधं झाली, आणि एका सकाळी ती लॅबकडे जायची ती स्टेशनवर गेली. सोमवारपर्यंत हजर झाली नाही तर नाव कमी होईल, असा निरोप आता कॉलेजातून आला होता. तिने तो वाचला आणि पुन्हा काजू सोलायला घेतले.

बापाने, शिवाने, दोन गोष्टी केल्या. कुडाळचं एक स्थळ आलं होतं त्यांना रविवारी या म्हणून सांगितलं, आणि मालवणहून कावेरीबाईंना बोलावलं. कावेरीबाई संचिताच्या डिग्रीच्या कॉलेजातल्या प्राध्यापिका. तालुक्यातल्या कितीतरी बापांच्या ओटीवर बसून, चहा पिऊन, त्यांनी मुलींना पुढे शिकायला धाडलं होतं.

"बाई, तुमी म्हणाल्यात म्हणान धाडलंय," शिवा म्हणाला. "आता तुमीच बघा, काय झाला ता."

बाई माजघरात येऊन बसल्या. सावित्रीने दोघींना पाणी दिलं. संचिताने एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं. बाई त्या भांड्याकडे बघत राहिल्या.

"तिथं बायकांना जायला अजून सोय नाही, होय ना?"

संचिताने मान हलवली.

"माझ्याही वेळी नव्हती. मीपण अशीच एक घोट प्यायचे." बाईंनी ते भांडं तिच्यापुढे सरकवलं. "मी तुम्हा मुलींना गाडीत बसवून देते आणि मागे वळून बघत नाही. हे तुला सांगून धाडायला हवं होतं गो."

संचिताला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी गावाच्या राखणदार देवाच्या पायाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की ज्याचं दुःख त्याने हात जोडून गप्प उभं राहायचं. बोलायचं गावकरांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. संचिताला गप्प राहणं अवघड नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या शिवान तुझ्या पायाशी नारळ ठेवलेलो आसा म्हाराजा," गावकरांनी सुरुवात केली.

"होय म्हाराजा!"

"ह्येच्या चेडवाक कोणाची नजर लागली आसात, तर ती भायर काढ म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"आनी येतल्या रविवारी हिचा लगीन बऱ्या घरात जुळव म्हाराजा."

"होय म्हाराजा!" म्हणणाऱ्यांत कावेरीबाई नव्हत्या. त्या पुढे झाल्या.

"गावकरांनू, माझा होकार नाय. तिका इचारल्याशिवाय देवाक काय सांगतास? तिचा गाऱ्हाणा तिका घालूंदे."

असं कधी झालं नव्हतं. गावकर शिवाकडे बघू लागले, शिवा नारळाकडे. संचिताने तोंड उघडलं तेव्हा तिला आपलाच आवाज ओळखू येईना.

"बा देवा म्हाराजा, माझे ठोकळे अजून पाण्यात आसत." ती थांबली. "ते माकाच फोडूचे आसत. पण थंय बायलमाणसांका जावक जागा नाय. दीपिका होती, ती गेली. माका एकटीक जमना नाय म्हाराजा."

कुणी होकार भरेना. मग मागून बारीक आवाज आला.

"होय म्हाराजा." सावित्री होती.

"मी येतंय तुझ्यावांगडा," कावेरीबाई म्हणाल्या. "रविवारीच निघूया, सोमवारी थंय हजर. बाथरूमचा बोलल्याशिवाय मी थंयसून हलूचंय नाय. आनी दीपिकाचो नंबर माका दी."

गावकरांनी शिवाकडे पुन्हा पाहिलं. शिवा मान खाली घालूनच म्हणाला, "होय म्हाराजा." मग बाकीचेही सवयीने म्हणाले.

संचिताला आनंद झाला असं नाही. घरी परतताना पायसुद्धा तिला आपले वाटत नव्हते. तहान मात्र लागली होती. माजघरात येऊन तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो रिकामा करूनच खाली ठेवला.