एडिनबरातली पाठमोरी माणसं

माझ्या सासूबाईंनी स्वतःहून कुठे जायचं नाव काढलं, असं इतक्या वर्षांत एकदाच घडलं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही लंडनच्या कडेला, स्टॅनमोरला राहत होतो आणि मी वॉटफर्डला एका फार्मसीत काम करत होते. तिथल्या लायब्ररीतून मी सहज एक माहितीपत्रक घरी आणलं: ऑगस्टमध्ये एडिनबराला आफ्रिकेतल्या आजच्या कलाकारांचं प्रदर्शन. आई त्यातल्या एका छोट्या फोटोवर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "मला हे बघायचंय."

"आई, सिरियसली?" माझा नवरा मिलिंद हसला. "एवढ्या लांब? लंडनला पण असतात की एक्झिबिशन्स."

"लंडनचं नको. हेच."

मिलिंदला सुट्टी मिळेना, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. तेव्हा आफ्रिकेची कला म्हणजे म्युझियममध्ये काचेमागे ठेवलेले मुखवटे, असंच बहुतेकांना वाटायचं. जिवंत, आपल्याच वयाच्या कलाकारांचं काम नुकतं कुठे दिसू लागलं होतं. त्यामुळे मलाही उत्सुकता होती.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिनबराला ट्रेनने जाणार असाल तर उजवीकडची खिडकी घ्या. न्यूकॅसल मागे पडलं की समुद्र अगदी रुळांजवळ येतो. आम्हाला मात्र तो थोडाच वेळ दिसला. मग पाण्यावरून धुकं आलं आणि खिडकीत आमचे दोघींचे चेहरे तेवढे उरले. आईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. मी खाल्लं, त्यांनी डबा उघडलाही नाही.

मिलिंदचा जन्म कंपालाचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युगांडातल्या भारतीयांना देश सोडायला लावलं, तेव्हा तो आणि त्याचे आईबाबा विमानतळाच्या बसमध्ये होते. वाटेत सैनिकांनी बस थांबवली आणि मिलिंदच्या बाबांना खाली उतरवलं. पुढे त्यांचं काहीच कळलं नाही. लग्नानंतर मिलिंदने मला हे एकदाच, घाईघाईने सांगितलं होतं. आई तर त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

ऑगस्टमध्ये एडिनबराला फेस्टिव्हलची एवढी गर्दी असते, की राहायची सोय फार आधी करावी लागते. आम्हाला चढावरच्या गल्लीतल्या एका बी अँड बीमध्ये खोली मिळाली. घर स्वच्छ होतं, पण थंडगार. सकाळी मालकीणबाईंनी चहा आणून ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आज हार आलाय."

आईंचा कप हातातच राहिला. "काय आलाय?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"धुकं हो. समुद्रावरून येतं ते. इथे त्याला हार म्हणतात," मी म्हटलं खरं, पण हार म्हटल्यावर मलाही फोटोचाच हार आठवला होता. आमच्या हॉलमध्ये बाबांचा फोटो आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी त्याला घालायला हार आणला, तेव्हा आईंनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला होता. "अगं, ते यायचेत अजून," एवढंच म्हणाल्या होत्या.

प्रदर्शन बंदराच्या बाजूला, एका बंद पडलेल्या चर्चमध्ये होतं. बसमधून उतरल्यावर समोरचा फुटपाथसुद्धा दिसेना. कुणाच्या तरी बुटांचा आवाज आमच्यामागे येत राहिला. आम्ही थांबलो की तोही थांबायचा. आमचाच प्रतिध्वनी असेल, असं मी स्वतःला समजावलं. आईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आत आल्यावर जीव भांड्यात पडला. पहिल्या दालनात नुसते रंग होते. लागोसच्या रस्त्यांवरच्या पिवळ्या बसगाड्या, मोटारीचे पत्रे ठोकून केलेले पक्षी, आणि लग्नाचं एक भलंमोठं चित्र. त्यात वऱ्हाडी एकमेकांशी भांडत होते आणि नवरी झोपली होती. मी त्या चित्राशी रेंगाळले. मागे वळले, तर आई नव्हत्या.

मी पुढच्या दालनात शिरले. तिथे अंधूक प्रकाश होता आणि ओल्या सालीचा, धुराचा वास येत होता. समोर बरीच माणसं पाठमोरी उभी होती. एकाला माझा धक्का लागला. "सॉरी," मी म्हटलं, आणि तो हळूच फिरू लागला. त्याचे पाय जमिनीला टेकलेले नव्हते.

ती माणसं नव्हतीच. छतापासून टांगलेल्या, माणसाएवढ्या आकृत्या होत्या. गंजासारख्या तांबूस, जाड कापडात गुंडाळलेल्या, सगळ्यांच्या पाठी दाराकडे. कुणी वाकलेलं, कुणी मान ताठ ठेवलेलं. वाऱ्याची झुळूक आली की सगळे जरासे हलत आणि पुन्हा पाठ करत. माझ्या धक्क्याने फिरलेला पूर्ण वळला, तेव्हा मी मान फिरवली. मग धीर करून पाहिलं. चेहऱ्याच्या जागी कापडाची घडी होती, बाकी काही नव्हतं.

आई पार आत, एका आकृतीच्या मागे उभ्या होत्या. त्या आकृतीचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता होता.

"आई?"

"गप," त्या कुजबुजल्या. "बसच्या खिडकीतून असेच दिसले होते. असाच खांदा. मला वाटत होतं, आता वळतील. वळलेच नाहीत गं."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. तेवढ्यात ती आकृती सावकाश फिरू लागली. तेव्हा झुळूक आली होती का, ते मला आठवत नाही. आईंनी माझं मनगट घट्ट धरलं. आकृती समोरून आमच्याकडे वळली. चेहऱ्याच्या जागी तीच रिकामी घडी. आईंनी डोळे मिटले नाहीत.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून चाळिशीची एक बाई उठून आली. या आकृत्या तिनेच केल्या होत्या. ती कंपालाची होती. तिने इंग्लिशमध्ये विचारलं, "तुम्हाला बसायला हवंय का?"

उत्तर आईंनी तिच्या भाषेत, लुगांडात दिलं. बाजारहाटापुरती शिकलेली ती भाषा त्या देश सोडल्यापासून बोलल्या नव्हत्या. ती बाई चमकलीच. मग दोघी खुर्च्या ओढून बसल्या. अर्धं लुगांडा, अर्धं इंग्लिश असं बोलणं सुरू झालं.

"हा कोण?" आईंनी विचारलं.

"माझे वडील. सैनिकांनी आमच्या दारातून नेले. नेलेल्या माणसाची शेवटी पाठच दिसते, मला तेवढीच येते करता." तिने त्या कापडाला हात लावला. "हे झाडाची साल कुटून करतात. आमच्याकडे मृताला यातच गुंडाळून पुरतात. माझे वडील सापडलेच नाहीत. मग मी वाट बघायची तरी किती? शेवटी स्वतःच गुंडाळले."

"ते परत येतील असं वाटत नव्हतं?"

"रोज वाटायचं. म्हणून तर मला घराबाहेर पडता येत नव्हतं."

आई उठल्या, त्या उतरत्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाल्या, "मिलिंद चांगला शिकला हं. तुम्ही काळजी करू नका."

बाहेर आलो तेव्हाही धुकं तसंच होतं. बसस्टॉपशेजारच्या कॅफेत त्यांनी दोन वाट्या सूप घेतलं आणि बोलत राहिल्या. बाबा कसे गायचे, कसे चिडायचे, दाढी करताना कसे शिट्टी वाजवायचे, सगळं. परतीच्या ट्रेनमध्ये त्यांना गाढ झोप लागली.

घरी आल्यावर त्यांनी मिलिंदला जवळ बसवलं. "आपण तुझ्या बाबांचं पुण्यानुमोदन करू," म्हणाल्या. आम्हा बौद्धांत हे गेलेल्या माणसासाठी करतात. मिलिंद आधी चिडला, मग लहान मुलासारखा रडला. बस थांबवली त्याच तारखेला वॉटफर्डची ओळखीची चार घरं आमच्याकडे जमली. मेणबत्त्या लावल्या, बुद्धवंदना झाली, आणि बाबांबद्दल सर्वांत जास्त बोलल्या त्या आई.

पुढे लंडनला असली कितीतरी प्रदर्शनं पाहिली आणि आता तर मोठे मेळे भरतात. जाणार असाल तर गर्दीच्या दिवशी जाऊ नका. कलाकार तिथे असेल तर त्याच्याशी बोला, कारण भिंतीवरच्या पाटीवर निम्मीच गोष्ट असते.

त्या कंपालाच्या बाईचं काम पुढच्या वसंतात लंडनला आलं. या वेळी मिलिंदही आमच्याबरोबर होता. तशाच अंधूक दालनात तशाच पाठी होत्या, पण उतरत्या खांद्याची आकृती कुठेच दिसली नाही. आईंनी दोनदा फिरून पाहिलं आणि शेवटी तिथे बसलेल्या त्या बाईलाच विचारलं.

"त्यांना मी आमच्या गावी घेऊन गेले," ती म्हणाली. "आमच्या केळीच्या बागेत पुरलं. सगळा गाव आला होता."

मी भीत भीतच आईंकडे पाहिलं.

"बरं केलंस गं," आई तिला म्हणाल्या. "माणसाला असं किती वर्षं उभं ठेवायचं?"