खोलीत दुसरी व्यक्ती आहे

"खोलीत दुसरी व्यक्ती दिसत आहे. तिला बाहेर काढा."

स्क्रीनच्या कोपऱ्यात इंग्रजीत हा मेसेज आला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. आई हॉस्पिटलात ड्युटीवर. दाराला आतून कडी. मी टाइप केलं, मी एकटीच आहे. पुन्हा तोच मेसेज. मग हेडफोनमध्ये, कॅमेऱ्यातून माझ्यावर नजर ठेवणारा पलीकडचा पर्यवेक्षक बोलला. कुठल्या शहरात बसला होता कोण जाणे.

"मॅडम, बिहाइंड यू. ऑन द वॉल. कव्हर दॅट फेस."

मागे भिंतीवर फोटो होता. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. माझ्या जन्माच्या आधीपासून तो त्याच खिळ्यावर आहे. कॅमेऱ्याला तो जिवंत माणूस वाटला. मशीनच ते, त्याला काय कळणार. पण मला कळत होतं ना. ज्याच्यामुळे आमच्या घरातलं पहिलं माणूस परीक्षेला बसलं, त्यालाच बाहेर काढा म्हणत होते. आणि घड्याळ चालू होतं.

मी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि त्या चेहऱ्यावर टाकला. ओला होता. अंघोळीचा. तरी टाकला.

"थँक यू मॅडम," तो म्हणाला.

परीक्षा सायबर सिक्युरिटीची होती. या धंद्यातली पहिली पायरी. मी नायगावच्या चाळीत राहते आणि परळला एका काचेच्या बिल्डिंगीत ट्रेनी आहे. काम काय, तर स्क्रीनसमोर बसायचं आणि लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी चोर शिरतोय का ते बघायचं. जिथे बिल्डिंग आहे तिथे पूर्वी गिरणी होती. माझा पणजा तिथे सूतखात्यात होता. कापड विणायच्या साच्यावर आमच्या माणसांना घेत नसत, तुटलेला दोरा तोंडाने ओढावा लागायचा म्हणून. आमची थुंकी कापडाला लागली असती. मी पहिल्या दिवशी गळ्यात कार्ड घालून गेटमधून आत गेले तेव्हा तोच विचार डोक्यात होता. पणजोबा, बघा, आले मी आत. हसू नका. मला खरंच तसं वाटलं होतं.

अट एकच. प्रोबेशन संपायच्या आत हे सर्टिफिकेट काढायचं. नाही काढलं तर कार्ड परत. कंपनीने फीऐवजी कूपन दिलं होतं ते घरून परीक्षा द्यायचं. माझ्या सरांना मी विचारलं होतं, "सर, ऑफिसमधली एखादी मीटिंग रूम मिळेल का? त्या वेळेपुरती?"

"ती क्लायंटसाठी असते गं. घरी दे ना. सगळे घरीच देतात."

सगळे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. सर दादरचे. घरात अभ्यासाची वेगळी खोली असणारे. त्यांना वाटतं, घर म्हणजे खोल्या. आमच्याकडे घर म्हणजे खोली. मोरी तिच्यातच, चूल तिच्यात, आजारी माणूस तिच्यातच. पण मी तयारी केली होती. अभ्यासिकेत महिनेच्या महिने बसून पोर्ट आणि फायरवॉल घोकलं होतं. सराव परीक्षेत पास होत होते. आदल्या दिवशी अख्ख्या मजल्यावर दारोदार सांगून आले, उद्या आवाज करू नका, माझं आयुष्य आहे. आणि चाळीने ऐकलं हो! सकाळपासून गॅलरीत चिटपाखरू नाही. मिक्सर बंद. पोरं खाली पिटाळलेली. तान्ह्या बाळाला घेऊन एक बाई चक्क दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसली. असं प्रेम काचेच्या बिल्डिंगीत मिळतं का सांगा.

एकीला तेवढं सांगायचं राहिलं. मावशीला. शेजारची मावशी, मूळची मालवणकडची, आईची जिवाभावाची. माझ्या तोंडात पहिला घास तिचा. ती लेकीकडे अँटॉप हिलला गेली होती आणि त्याच सकाळी परत आली.

आता आमच्या चाळीचा रिवाज सांगते. दिवसा दार बंद करत नाहीत. माणूस घरात असेल तर दार उघडं, बाहेर असेल तर कुलूप. आतून कडी आणि भर दिवसा, याचा अर्थ आमच्याकडे एकच. काही वर्षांपूर्वी टोकाच्या खोलीतल्या माणसाने अशीच कडी लावून पंख्याला गळफास घेतला. सगळ्यांना वाटलं झोपलाय. तेव्हापासून दार बंद दिसलं की हाक मारायची. ओ आली तर ठीक.

मावशी जिना चढून आली. गॅलरी सुनसान, परीक्षेचं सांगायलाही कोणी नाही. असं तिने उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आणि आमच्या दाराला कुलूप नाही, कडी आतून.

"गो चेडवा, भितर आसस मा?"

पोरी आत आहेस ना, एवढंच तिला ऐकायचं होतं. पण परीक्षेचा नियम, बोलायचं नाही. ओठ जरी हलले तरी परीक्षा रद्द. नजर स्क्रीनवरून काढायची नाही. मी हेडफोन घट्ट दाबले. मनात म्हटलं, मावशी जा. मावशी, तुझ्या पाया पडते, जा.

"ओ दी गो! आवस खंय गेली तुझी?"

आई ड्युटीवर, आणि मी ओ देऊ शकत नव्हते. ती ओ घेतल्याशिवाय जाऊ शकत नव्हती. मी जितकी गप्प, तितका तिचा आवाज चढत गेला. दारावर थापा. मग धडका. समोर स्क्रीनवर प्रश्न होता, अनोळखी माणूस परवानगीशिवाय आत शिरू पाहतोय, तुम्ही पहिलं पाऊल कोणतं उचलाल? आईशप्पथ. हाच प्रश्न. उत्तर मला येत होतं. माऊसवर बोट होतं.

कडी उपटली. मावशी आत. हातात घरातून धावत आणलेलं लाटणं, मागे तिचा आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरून आलेले पाच-सहा जण, सगळ्यांची तोंडं पांढरी. मला जिवंत बघून मावशी मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. स्क्रीनवर लाल पट्टी आली. परीक्षा रद्द. कारण: खोलीत इतर व्यक्ती.

मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडायला तरी काय, ती मला वाचवायला आली होती.

रद्द झाल्याचा मेल आला, सोबत पुरावा म्हणून कॅमेऱ्याने काढलेला फोटो. मी तो सरांना पाठवला. विश्वास बसावा म्हणून. खरंच चोरी केली नाही, बघा, शेजारी आले होते. माझ्या हातांनी पाठवला.

दोन दिवसांनी नव्या ट्रेनींना परीक्षेची माहिती द्यायची मीटिंग होती. सरांनी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर काय लावलं? माझं घर. दोरीवर आईचे परकर. मोरीतली बादली. मावशी लाटणं उगारून, तोंड वासलेलं. माझा चेहरा, मेलेल्या माशासारखा.

"घरून परीक्षा कशी देऊ नये, त्याचं उदाहरण," सर म्हणाले. "याला म्हणतात ब्रूट फोर्स अटॅक."

धडका मारून मारून आत घुसण्याला आमच्या धंद्यात तसं म्हणतात. सगळे हसले. मीही हसले. हे लिहिताना हात जड होतोय, पण हसले. नोकरी टिकवायची असली की तोंड आपोआप हसतं.

"सिक्युरिटीत काम करणार, आणि घराच्या दाराला धड कडी नाही."

पुन्हा हशा. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. टॉवेल अपुरा पडला होता. खालून निळ्या कोटाची कड आणि पुस्तक दिसत होतं.

"आणि टॉवेलखाली काय लपवलंयस?" मग थांबले. ओळखलं. ओठ एका बाजूला गेले. "अच्छा. म्हणजे इथेही सोबत घेऊनच बसली होतीस. सवलतीशिवाय जमतच नाही का तुमचं?"

या वेळी सगळे हसले नाहीत. काही जण मोबाइलमध्ये बघायला लागले.

मी उठले. "सर, तो फोटो काढा."

"रिलॅक्स. जोक होता."

"काढा."

त्यांनी काढला नाही. मी पुढे गेले आणि स्क्रीनची वायर उपटली. बस, एवढंच. कोणी म्हणेल काय शूर पोरगी. कसली शूर. नाकातून पाणी गळत होतं. मला राग आला की रडू येतं. या एका गोष्टीचा मला भयंकर संताप आहे. एक सणसणीत वाक्य बोलायचं होतं, तेही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंनी बोलावलं. गोड बोलत होत्या. पाणी दिलं. सरांच्या जोकबद्दल चकार शब्द नाही. वायरीबद्दल बोलल्या. "सोमवारपर्यंत माफीचा मेल टाक. भावनेच्या भरात झालं म्हणून लिही. मग दुसरं कूपन देऊ, प्रोबेशन वाढवू. नाहीतर आमचेही हात बांधलेले आहेत."

घरी आईला सांगितलं. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती, पायाला तेल लावत होती. म्हणाली, "लिही की. जीभ झिजते का? मी रोज सिस्टरांची बोलणी खाते, तेव्हा तू शिकलीस." बरोबर होतं तिचं. तिची नोकरी कंत्राटी. माझ्या कार्डावर तिने केवढं काय बांधून ठेवलं होतं. मला वाटलं, आपल्या हातात कधीच काही नव्हतं. गिरणीच्या गेटमधून आत आले म्हणजे काय, आत येऊ दिलं होतं. बाहेरही तेच काढणार.

मेल लिहिला. "मी मनापासून माफी मागते." पाठवला नाही, उघडा ठेवला. रविवार होता. म्हटलं, दुसऱ्या परीक्षेची तालीम तरी करू. लॅपटॉप मांडला, कॅमेरा चालू केला, टॉवेल घेऊन भिंतीशी गेले. या वेळी नीट झाकायचं. पुस्तकसुद्धा. एका बाजूने ओढला की दुसरीकडून कोट उघडा पडायचा. मी तो टॉवेल अशी जपून बसवत होते, जशी काही माझी सगळी अक्कल त्यातच होती.

दारात सावली पडली. मावशी. उंबऱ्याबाहेर उभी.

"येव काय गो भितर?"

मावशीने आमच्या घरात यायला कधी विचारलं नव्हतं. कधीच नाही. भाजीची वाटी घेऊन सरळ आत यायची, डबे उघडायची, आईला शिव्या घालायची. त्या दिवसापासून ती आमच्याकडे फिरकली नव्हती आणि आता परवानगी मागत होती. दार सताड उघडं असताना.

"ये ना गं. विचारतेस काय?"

ती आली, अंग चोरून. माझ्या हातातला टॉवेल बघितला, भिंत बघितली, आणि हळूच म्हणाली, "ह्यो टॉवेल पुरणा नाय. माझी चादर हाडतंय, मोठी आसा. सगळो झाकतलो."

माझी चूक भरून काढते गो, असं तिच्या तोंडावर होतं. आणि ती खरंच वळली, चादर आणायला.

चूक तिची? हाक मारली ही चूक? आणि फोटो लपवायला आता तिची चादर. आज मी त्याला झाकते, उद्या मावशीला बाहेर ठेवीन, परवा आईचे परकर दोरीवरून काढीन, आणि मग त्या खोलीत जी उरेल तिला ते आत घेतील. ती मी नसेन.

"मावशी, चादर नको. बस इथे."

टॉवेल काढला. मोरीत टाकला. तो आता लादी पुसायला.

आई संध्याकाळी आली तेव्हा तिला सांगितलं. ती भांडी जोरात घासत राहिली. अजूनही धड बोलत नाही. कार्ड जाणार, हे आम्हा दोघींना माहीत आहे. परीक्षा मी देणार, सेंटरवर बसून देणार, कशी आणि कधी ते आज मला माहीत नाही.

माफीचा मेल पुसला. दुसरा लिहिला आणि सोमवारी सकाळी सरांना, एचआरच्या बाईंना आणि त्या मीटिंगमध्ये हसलेल्या प्रत्येकाला पाठवला. एवढाच:

माझ्या खोलीत दुसरी व्यक्ती आहे. ती राहणार. माफी मिळणार नाही.