निरगुडसरची विणलेली माशी

गेल्या वर्षी मे महिन्यात कुलूकडच्या एका नदीवर चार दिवस गळ टाकून उभा राहिलो आणि मला एकही ट्राउट मासा मिळाला नाही. शेवटच्या दिवशी लॉजच्या मालकाने एक जुनी डबी उघडून दाखवली. आत गळांवर दोऱ्याने विणलेले किडे होते, मासे धरणारे ज्याला माशी म्हणतात. पाठ काळपट, पोट पिवळट, दोन्ही कडांना रंगांची बारीक वीण. पंख फुटण्याआधी असा किडा पाण्यातल्या दगडांखाली राहतो आणि ट्राउट तो आवडीने खातो.

"तुमच्या पुण्याकडचाच माणूस हे करायचा," मालक म्हणाला. "फौजेत होता. वर्ष होऊन गेलं, पार्सल येत नाही."

जुन्या पार्सलवर किसन हे नाव, फोन नंबर आणि पत्ता होता. निरगुडसर, तालुका आंबेगाव. पुण्यातल्या माझ्या घरापासून तीन तासांच्या आत.

फेब्रुवारीत फोन केला. पुढच्या मे महिन्याआधी मला ही वीण शिकायची होती. किसनभाऊ म्हणाले, "या की. शिकवतो. येताना आळेफाट्याला मोटार वायंडिंगवाल्याकडनं बारीक तांब्याची तार आना. तारंबिगर किडा बुडत न्हाई."

शनिवारी शिवाजीनगरहून नाशिकची सकाळची एस.टी. धरली. निरगुडसरला जायचं तर मंचरलाच उतरावं. मी तारेसाठी आळेफाट्यापर्यंत पुढे गेलो. वायंडिंगवाला जळालेल्या मोटारीचे वेटोळे सोडवत होता.

"तार कशाला, पावनं?"

"मासे धरायला."

त्याने हात थांबवला. "करंट देऊन नका धरू. आत टाकत्यात."

मी गळावर तार गुंडाळायची असते, असं समजावलं. त्याने हातभर तार तोडून दिली. पैसे घेतले नाहीत, पण विश्वासही ठेवला नाही. समोर मिसळ खाल्ली. तिखट आहे, जादा पाव आधीच मागून ठेवा.

मंचरला परत आलो. तिथून निरगुडसरला एस.टी. मोजक्याच आहेत, जीप भरली की सुटते. ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकला म्हणजे ती भरली असं समजतात. दोन्ही बाजूंना कांदा आणि ऊस होता. रस्ता शेवटचे काही किलोमीटर खराब आहे.

किसनभाऊ ओट्यावर खुर्चीत बसले होते. साठीच्या आतबाहेरचे, पांढरा सदरा, मांडीवर टॉवेल. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये होते तेव्हा एका मासे धरणाऱ्या साहेबाने त्यांना ही वीण शिकवली. दुपारभर ते बोलले. काळा दोरा पाठीचा, पिवळा पोटाचा. प्रत्येक वेढ्याला दोन्ही दोऱ्यांची साधी गाठ मारायची. काळा वरून, पिवळा खालून, दोन्ही सारखे ओढायचे. एकदा क्रम चुकला की किडा उलटा होतो. त्यांनी सगळं सांगितलं, पण दोऱ्याला हात लावला नाही.

"एक करून दाखवता?"

"उद्या बघू."

माणूस कला द्यायला तयार नाही, असा अर्थ मी काढला. रात्री पिठलं-भाकरी खाऊन ओट्यावर झोपलो.

सकाळी शेवंतावहिनी धारा काढून आल्या. आदल्या दिवशी त्या कांद्याच्या रानात होत्या. पदराला हात पुसून त्या नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसल्या. किसनभाऊंनी टॉवेल बाजूला केला. उजवा हात मांडीवर तसाच पडून राहिला.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "ह्यो गेला. आता उजवा हात हिच्याकडं हाय."

दोघांच्या मध्ये टेबलाला लहान व्हाइसची पकड आवळलेली होती, त्यात गळ. काळा दोरा त्यांच्या डाव्या हातात, पिवळा वहिनींच्या उजव्या हातात.

"दे."

"घे."

गाठ बसली. दोघांनी ओढलं. "दे." "घे." चहा निवायच्या आत किडा तयार झाला.

मग मी शिकलो. आधी वहिनींच्या जागी बसून उजवा हात, मग किसनभाऊंच्या जागी बसून डावा. एकट्याने केलेल्या पहिल्या किड्याचं पोट मधूनच पाठीवर आलं.

"ह्यो तर मधीच उताना झोपला," वहिनी म्हणाल्या.

"झोपू दे. मासा हसून तरी तोंड उघडंल," किसनभाऊ म्हणाले.

दुपारी चौथा जमला.

निघताना किसनभाऊंनी, दोघांनी मिळून केलेले तीन किडे काड्यापेटीत घालून दिले. हात गेल्यापासून त्यांनी एकही पार्सल पाठवलं नव्हतं.

"दोघांची ओढ सारखी व्हती का न्हाई, ते मासाच सांगनार. आन् हितं ट्राउट न्हाई. लागला तर कळवा. न्हाई लागला तरी कळवा."

वहिनी जीपपर्यंत आल्या. "न्हाई लागला तर नका कळवू," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात त्याच नदीवर गेलो. पहिला किडा पहिल्याच दिवशी खडकात अडकून तुटला. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी, सकाळी, त्यांच्या दुसऱ्या किड्यावर एक ट्राउट लागला. ओंजळीएवढा. सोडून दिला.

आता पुण्यात टेबलावर त्यांचा तिसरा किडा आणि माझे सहा शेजारी ठेवले आहेत. त्यांचा किंचित उजवीकडे झुकलेला आहे. वहिनींची ओढ जास्त असावी. माझे सरळ आहेत, आणि माझ्या किड्यांना मासा लागला नाही. विणताना मी दे आणि घे हे दोन्ही शब्द मोठ्याने म्हणतो. नाही म्हटले तर क्रम चुकतो.

परत आल्यावर फोन केला. वहिनींनी उचलला.

"लागला?"

"लागला."

"त्यांना तुमीच सांगा. मी गेल्याच आठवड्यात सांगून टाकलं, लागला म्हनून. त्यांना पटलं न्हाई."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कितव्या दिशी?" किसनभाऊंनी विचारलं.

"तिसऱ्या."



"मग खरं. खोटं सांगनारा पयल्याच दिशी म्हनतो," ते म्हणाले. आणि फोन न ठेवताच, आत वळून, "अगं, दोरा काढ."